हर्ग चॅनलची साखर काढली, वरचा बँड गेला, तरी करंट येतोय. चुकतंय कुठे?

दोनचबँड

पीएचडीचं दुसरं वर्ष, आणि तीन आठवडे एकाच ब्लॉटकडे (प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी दाखवणारी पट्टी) बघत बसलोय. इथे कुणी हर्गवर, म्हणजे हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडून तिला शांत करणाऱ्या चॅनलवर, काम केलं असेल तर जरा डोकं लावा.

प्रकार असा आहे. वाइल्ड टाइप, म्हणजे मूळचा न बदललेला, हर्ग प्रयोगशाळेतल्या एचईके पेशींत घातला की ब्लॉटवर दोन बँड येतात, १३५ आणि १५५ किलोडाल्टनला. खालचा ईआरमधला (पेशीत प्रथिनं जिथे विणली जातात तिथला), कोवळा. वरचा त्यापुढच्या गोल्जी विभागातून साखरेचा साजशृंगार करून पृष्ठभागाकडे निघालेला. इथवर सगळं पुस्तकात असतं तसं. मग मी ५९८व्या जागेवरचं अ‍ॅस्परजिन काढून ग्लुटामिन बसवलं. म्हणजे एन५९८क्यू. साखर चिकटायला जागाच ठेवली नाही. १५५चा बँड पार गायब, आणि एकच बँड उरला, तोही १३५च्या किंचित खाली. म्हटलं, चला, चॅनल ईआरमध्ये अडकला, एक आकृती तयार झाली.

पण पॅच क्लॅम्पची (पेशीतला करंट मोजायची) रिग त्या दुपारी रिकामी होती, म्हणून सहज त्याच पेशी लावून बघितल्या. टेल करंट (व्होल्टेज परत खाली आणल्यावर येणारा हर्गचा करंट) आहे! वाइल्ड टाइपच्या साधारण निम्मा, पण अगदी व्यवस्थित. ई-४०३१ हे हर्ग बंद करणारं औषध सोडलं की सपाट होतो, म्हणजे हर्गचाच.

गाईड म्हणतात, "पेशींत घालायच्या डीएनएत, म्हणजे प्लाझमिडमध्ये, वाइल्ड टाइप मिसळलंय, पुन्हा कर." पुन्हा केलं, पुन्हा तेच. १९९९चा एक पेपर म्हणतो की साखर नसेल तर चॅनल पृष्ठभागावर पोचत नाही. २००२चा दुसरा म्हणतो पोचतो. मी ऐकू कुणाचं? आणि मुळात ही साखर तिथे करते तरी काय?

कोल्डरूमवाला

आधी एक शंका. नमुने ९५ अंशांवर उकळता का? असली पेशीच्या पटलात अनेक वेळा शिवलेली प्रथिनं उकळली की गोळा होऊन विहिरीतच बसतात आणि बँडांचं प्रमाण भलतंच दिसतं. ३७ला ठेवा. बाकीचं जुनीपिपेट येऊन सांगतीलच, हर्ग म्हटलं की त्या येतातच.

दोनचबँड

३७लाच ठेवतो, १५ मिनिटं. तो धडा पहिल्या वर्षी घेऊन झालाय.

जुनीपिपेट

आले. हर्गचे ब्लॉट मी चौदा वर्षं केलेत, तेव्हा थोडं लांबेल.

तुमच्या प्रश्नात एक गृहीतक लपलंय, ते आधी बाहेर काढते. "१५५ नाही, म्हणजे पृष्ठभागावर नाही." वाइल्ड टाइपच्या बाबतीत हे वाक्य चालतं. एन५९८क्यूच्या बाबतीत त्याला काही अर्थच नाही. का ते बघा.

प्रथिन ईआरमध्ये विणलं जात असतानाच त्यावर १४ साखरांची एक तयार साखळी एकदम बसवली जाते. ती कुठेही बसत नाही. अ‍ॅस्परजिन, मग प्रोलीन सोडून काहीही, मग सेरीन किंवा थ्रिओनीन, असा क्रम लागतो. हर्गमध्ये बाहेरच्या बाजूला असे दोन क्रम आहेत, ५९८ला आणि ६२९ला, पण साखर बसते फक्त ५९८वर. त्या साखळीचं वजन जेमतेम अडीच किलोडाल्टन. तोच तुमचा १३५. साखर नसलेला हर्ग १३२च्या आसपास धावतो. पुढे प्रथिन गोल्जीत गेलं की त्याच साखळीची काही टोकं छाटली जातात, नवी जोडली जातात, शेवटी सियालिक आम्ल लागतं आणि बँड १५५ला चढतो.

म्हणजे १५५ हा गोल्जीने मारलेला शिक्का आहे. आणि शिक्का मारायला कागद लागतो. तुमच्या म्यूटंटमध्ये तुम्ही कागदच फाडलात. आता तो ईआरमध्ये अडकलेला असो, गोल्जी ओलांडून थेट पृष्ठभागावर बसलेला असो, दिसणार १३२लाच. ब्लॉट ह्या प्रश्नाचं उत्तर देऊच शकत नाही, आणि तुम्ही तीन आठवडे त्यालाच विचारताय.

गाईडच्या शंकेचं उत्तर मात्र ब्लॉटवर आहे. वाइल्ड टाइपची भेसळ असती तर तिला कागद आहे. निम्मा करंट देण्याइतकी भेसळ असेल तर १५५चा बँड लख्ख दिसायला हवा. फिल्म मुद्दाम जास्त वेळ ठेवा, पार्श्वभूमी काळी पडेपर्यंत. तरी १५५ला काही दिसलं नाही तर भेसळ नाही. ई-४०३१ने ही शंका फिटत नाही, ते दोघांनाही बंद करतं.

आता प्रयोग. ह्या क्रमाने करा.

आधी वाइल्ड टाइपच्या लायसेटवर (फोडलेल्या पेशींच्या द्रावावर) दोन एन्झाइमं, वेगवेगळ्या नळ्यांत. पीएनजेज-एफ सगळ्याच एन-साखळ्या तोडतं, त्यामुळे दोन्ही बँड कोसळून १३२ला एकत्र यायला हवेत. एन्डो-एच फक्त ईआरमधली कोवळी साखळी तोडतं, गोल्जीत पक्की झालेली त्याला तुटत नाही. म्हणजे १३५ खाली सरकेल आणि १५५ जागचा हलणार नाही. शेजारच्या लेनमध्ये तुमचा म्यूटंट लावा. तो ह्या १३२च्या बरोबर रेषेत आला पाहिजे आणि दोन्ही एन्झाइमांनी ढिम्म हलता कामा नये. जेल ७ टक्क्यांच्या वर घेऊ नका, आणि निळी रेघ खाली पळून गेली तरी चालू ठेवा. १३२ आणि १३५ वेगळे दिसायला धीर लागतो. माझी पहिली सहा जेलं मी घाईत बंद केली होती आणि सहाही वेळा "एन्झाइम खराब आलं" असं वहीत लिहिलं होतं.

मग खरा प्रयोग: जिवंत पेशींवर प्रोटिनेज के. पेशी फोडायच्या नाहीत. बशीतलं माध्यम काढा, एकदा धुवा, २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ३७ अंश, अर्धा तास. पेशी सुटून तरंगायला लागतील, घाबरू नका, गोळा करा. पीएमएसएफ आणि ईडीटीए घालून एन्झाइम थांबवा आणि मगच फोडा. हे एन्झाइम पटलाच्या आत शिरत नाही, बाहेर डोकावणारं तेवढंच कुरतडतं. वाइल्ड टाइपमध्ये १५५ जातो आणि १३५ तसाच राहतो. हा १३५ म्हणजे त्याच लेनमधला तुमचा साक्षीदार, की पेशी फुटल्या नव्हत्या. म्यूटंटमध्ये तो साक्षीदार नाही, म्हणून अ‍ॅक्टिन हे पेशीच्या आतलं प्रथिन बघा. अ‍ॅक्टिन शाबूत आणि १३२चा बँड फिका झाला, तर जेवढा फिका झाला तेवढा चॅनल बाहेर होता.

आता १९९९ आणि २००२चं भांडण. पहिल्या गटाचं निरीक्षण असं होतं की साखर काढली की चॅनल पृष्ठभागावर दिसत नाही. त्यांनी ६२९ची जागाही बदलून पाहिली होती. तिथे एक गोम आहे. ६२९ ही साधीसुधी जागा नाही. पोटॅशियमची निवड करणाऱ्या गाळणीत ग्लायसीन-फेनिलअ‍ॅलनीन-ग्लायसीन हे तीन असतात ना, त्यांच्या लगेच शेजारचं ते अ‍ॅस्परजिन आहे. तिथे हात लावला की साखरेचा संबंध नसतानाही चॅनल बिघडतो. त्याच जागेवर अ‍ॅस्पार्टिक आम्ल आलं, म्हणजे एन६२९डी, तर चॅनल पोटॅशियम आणि सोडियममधला फरकच विसरतो आणि माणसाला लाँग क्यूटी (इसीजीवरचं क्यूटी अंतर लांबून लय बिघडण्याचा धोका असलेला आजार) होतो. २००२च्या गटाने नेमकं दाखवलं की साखर ५९८लाच बसते, ती काढली तरी काम करणारा चॅनल पृष्ठभागावर जातो, पण तिथे टिकत नाही. नवं प्रथिन चिन्हांकित करून त्याचा पाठलाग केला तेव्हा साखरेविना असलेलं लवकर नाहीसं झालं.

माझं मत विचाराल तर मी २००२च्या बाजूची. तुमचा "निम्मा करंट" त्यातच बसतो. चॅनल जातोय, पण लवकर मोडला जातोय, म्हणून कुठल्याही क्षणी हजेरी कमी. सायक्लोहेक्झिमाइड घालून नवं प्रथिन थांबवा आणि ०, ४, ८, १२, २४ तासांना नमुने घ्या. दोघांचा उतार वेगळा दिसला तर तीच तुमची आकृती. ईआरमध्ये अडकलेल्या चॅनलची आकृती आजवर शेकड्यांनी छापून झाली आहे, ही तिच्यापेक्षा चांगली.

साखर टिकवते कशी? ५९८ कुठे आहे ते बघा. पाचव्या पटलखंडापासून छिद्राकडे जाणारा जो लांब वळसा आहे, त्यात. हर्गमध्ये हा वळसा इतर पोटॅशियम चॅनलांपेक्षा बराच लांब आणि बाहेरच्या बाजूला उघडा पडलेला. प्रोटिनेज के कापतं ते इथेच. साखरेची बोजड फांदी नेमकी त्या वळशावर पसरलेली असते. अलीकडच्या कामात असं दिसलं की साखर नसलेला हर्ग बाहेरच्या प्रोटिएजांना जास्त सहज बळी पडतो. कुंपणाशिवायच्या रोपासारखं आहे ते, उगवतं पण जनावर आधी तिथेच तोंड घालतं.

इसीजीवाचक

मी प्रयोगशाळेतला नाही, वॉर्डातला. कार्डिऑलॉजीची निवासी डॉक्टरी करतोय. जुनीपिपेट मॅडम, हे वाचताना एक गोष्ट खटकली. आम्हाला शिकवतात की लाँग क्यूटी टाइप २च्या, म्हणजे हर्ग बिघडल्याने होणाऱ्या प्रकारच्या, बहुतेक मिसेन्स (एक अमिनो आम्ल बदलणाऱ्या) म्यूटेशनमध्ये चॅनल पृष्ठभागावर पोचतच नाही. मग ते सगळं ह्या १५५च्या बँडवरूनच ठरवलंय ना? तोच चकवा तिथेही असेल तर?

जुनीपिपेट

चांगला प्रश्न, पण तिथे चकवा नाही. त्या म्यूटंटांत ५९८ शाबूत असतं, कागद जागेवर असतो. शिक्का बसला नाही म्हणजे गोल्जीपर्यंत माल गेलाच नाही, हा निष्कर्ष तिथे बरोबर ठरतो. शिवाय त्यातल्या काहींना हाताने बाहेर काढता येतं. एन४७०डी हे म्यूटेशन असलेल्या पेशी २७ अंशांवर ठेवल्या की १५५ उगवतो आणि त्याबरोबर करंटही. ३७ अंशांवरसुद्धा ई-४०३१ माध्यमात ठेवलं की तेच होतं. गंमत बघा, चॅनल बंद करणारं औषधच त्याला घडी घालायला मदत करतं आणि बाहेर आणतं. अर्थात बाहेर आणून परत बंदच करतं, त्यामुळे रुग्णाला उपयोग शून्य.

उलट बाजूने पेंटामिडीन आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड ही औषधं. ह्यांच्यामुळे क्यूटी लांबतो त्यात चॅनलची पृष्ठभागाकडची वाहतूक अडवण्याचा मोठा वाटा आहे. अर्ध्या तासाच्या पॅच क्लॅम्पमध्ये हे पकडता येत नाही. पेशी रात्रभर औषधात ठेवून ब्लॉट केला की १५५ फिका झालेला दिसतो.

आणि तुम्ही वॉर्डातले आहात म्हणून एक. वाइल्ड टाइपच्या पेशी पोटॅशियम नसलेल्या माध्यमात रात्रभर ठेवा. सकाळी १५५ जवळजवळ गेलेला असतो, १३५ जागेवर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा लेन चुकल्या असं वाटून ब्लॉट परत केला होता. बाहेरचं पोटॅशियम नसलं की पक्का झालेला चॅनल पृष्ठभागावरून आत ओढला जातो आणि मोडला जातो. २००९मध्ये सशांच्या हृदयातही हे दाखवलं गेलं. हायपोकॅलेमियात, म्हणजे रक्तातलं पोटॅशियम कमी झाल्यावर, क्यूटी का लांबतो त्याचं एक कारण तुम्हाला जेलवर डोळ्यांनी दिसतं.

इसीजीवाचक

हे कुणी शिकवलं नव्हतं. आम्ही नुसतं "पोटॅशियम ४च्या वर ठेवा" घोकलं. मग साखरच बिघडल्यामुळे झालेला लाँग क्यूटी असा माणसांत आहे का?

जुनीपिपेट

आहे, पण हर्ग सोडून चॅनलांच्या छोट्या साथीदार प्रथिनांकडे बघावं लागतं. आयकेएस ह्या हृदयातल्या दुसऱ्या पोटॅशियम करंटचा छोटा साथीदार केसीएनई१, सगळा मिळून १२९ अमिनो आम्लांचा. त्यावर साखरेच्या जागा पाचवी आणि सव्विसावी. पाचव्या जागेचा क्रम पुरा व्हायला सातवं थ्रिओनीन लागतं. ते आयसोल्यूसीन झालं, म्हणजे टी७आय, की पाचवीवरची साखर गेली. शिवाय त्या सातव्या थ्रिओनीनवर स्वतःची एक ओ-साखर बसते, तीही गेली. एका अक्षरात दोन साखरा. हे म्यूटेशन जर्व्हेल लँग-नीलसनच्या एका कुटुंबात सापडलं होतं, बहिरेपण आणि लांब क्यूटी एकत्र असतो तो आजार. चॅनलला ज्या भागाने तो भेटतो त्यापासून हे सातवं अक्षर बरंच लांब आहे. साखर माहीत नसती तर "इथे बदलून काय बिघडणार" असंच कुणीही म्हणालं असतं.

दुसरं उदाहरण तुम्हाला जास्त आवडेल. हर्गचा साथीदार केसीएनई२, त्यातला टी८ए हा बदल. हा दुर्मीळ नाही, निरोगी माणसांतही सापडतो, आणि एरवी काही करत नाही. पण सल्फामेथोक्साझोल असलेलं अँटिबायोटिक दिल्यावर क्यूटी लांबलेल्या एका रुग्णात तो सापडला, साल २०००. आठवं थ्रिओनीन गेलं की सहाव्या जागेची साखर जाते, आणि साखर गेली की औषधाला चॅनलवर बसणं सोपं होतं. चॅनल पृष्ठभागावर आहे, काम करतोय, फक्त औषधापुरता उघडा पडलाय.

शंकासुर

मध्येच घुसतोय, माफ करा. घरात मधुमेह आहे म्हणून हा धागा उघडला. रक्तात साखर जास्त असेल तर ती ह्या चॅनलला जास्त चिकटते का? म्हणजे चांगलंच ना, टिकतो म्हणालात?

जुनीपिपेट

नाही हो. ही साखर वेगळी. आम्ही बोलतोय ती पेशी स्वतः एन्झाइमं लावून, मोजून मापून, ठरलेल्या जागी बसवते. रक्तातलं ग्लुकोज हिमोग्लोबिनला चिकटतं ते आपोआप, कुणी न सांगता. त्यावरून एचबीएवनसी काढतात. तिसराही एक प्रकार आहे. पेशीच्या आतल्या प्रथिनांवर एकच छोटी साखर बसते आणि निघते, तिला ओ-ग्लुकनॅक म्हणतात. ग्लुकोज वाढलं की ही वाढते, आणि हृदयात कॅमकायनेज-२ नावाच्या एन्झाइमावर २७९व्या सेरीनला ती बसली की ते एन्झाइम चालू अवस्थेतच अडकतं आणि ठोक्यांची लय बिघडवू शकतं. तेव्हा मधुमेहाचा आणि लयीचा संबंध आहे, पण तो ह्या वाटेने नाही, आणि चांगला तर मुळीच नाही.

दोनचबँड

सायक्लोहेक्झिमाइड सोमवारी लावतो. तोवर एक: साखर असण्या-नसण्याने चॅनल उघडण्याचं व्होल्टेज बदलतं असं वाचलंय. ते खरं का? की तेही ६२९सारखंच?

जुनीपिपेट

खरं, पण हर्गपेक्षा सरळ कहाणी दुसऱ्या चॅनलांत दिसते. सियालिक आम्लावर शरीराच्या पीएचला ऋण भार असतो. चॅनलच्या बाहेरच्या अंगाला असे भार जमले की तिथला विभव थोडा खाली जातो. समजा पेशीचं व्होल्टेज उणे २० मिलिव्होल्ट आहे आणि बाहेरच्या अंगाशी साखरेमुळे उणे १० झालंय. चॅनलच्या संवेदकाला फरक जाणवतो फक्त उणे १०चा. पेशी जितकी उत्तेजित आहे त्याहून त्याला जास्त वाटते, आणि तो लवकर उघडतो. सियालिक आम्ल काढा, कुठल्या व्होल्टेजला किती चॅनल उघडतात तो वक्र उजवीकडे सरकतो. पोटॅशियम चॅनल उशिरा उघडला की पेशी उशिरा शांत होते, क्रिया विभव (ठोक्यागणिक पेशीत उठणारी विजेची लाट) लांबतो.

सियालिक आम्ल जोडणाऱ्या एसटी३गॅल४ ह्या एकाच एन्झाइमाचा जीन काढलेले उंदीर आहेत. त्यांच्या निलयाच्या पेशींत क्रिया विभव लांबलेला दिसतो, पण सगळे पोटॅशियम करंट सारखे बदलत नाहीत, काही सरकतात, काही नाहीत. फक्त उंदरावरून थेट माणसावर उडी मारू नका. मिनिटाला सहाशेच्या आसपास ठोके मारणारं हृदय शांत व्हायला हर्गवर विसंबून राहत नाही, त्याचे करंट निराळे.

हर्गमध्ये अडचण अशी की तो उघडतो सावकाश आणि निष्क्रिय होतो झटकन. दोन्ही वक्र हलू शकतात, आणि निव्वळ करंट कुठे जाईल हे कागदावर सांगता येत नाही. करायचंच असेल तर एन५९८क्यूवर करू नका. सीएचओ ह्या प्रयोगशाळेतल्या पेशींचा लेक२ हा प्रकार मागवा. त्यात सियालिक आम्ल गोल्जीत नेणारा वाहकच बिघडलेला असतो. चॅनल वाइल्ड टाइप, साखळी बसलेली, फक्त टोकाचा ऋण भार गायब. सियालिक आम्ल छाटणाऱ्या न्यूरामिनिडेज एन्झाइमानेही जमतं, पण ते ज्या बफरमध्ये येतं त्याचा पीएच बघा. एका विद्यार्थ्याने मला आठ मिलिव्होल्टचं सुंदर सरकणं आणून दाखवलं होतं, ते सगळं बफरचं निघालं. बाहेरचं द्रावण आम्ल झालं की हर्ग तसाही सरकतो.

दोनचबँड

दहा दिवसांनी येतोय.

जेल ६.५ टक्के, निळी रेघ पळून गेल्यावर आणखी चाळीस मिनिटं. एन्डो-एचच्या लेनमध्ये खालचा बँड सरकला, वरचा हलला नाही. पीएनजेज-एफमध्ये दोन्हींचा एक झाला. म्यूटंट त्याच रेषेत, पट्टी लावून बघितलं. फिल्म इतकी जास्त ठेवली की मार्करही भुतासारखे दिसायला लागले, तरी १५५ला काही नाही.

प्रोटिनेज के: वाइल्ड टाइपचा १५५ गेला, १३५ होता तसाच. म्यूटंटचा बँड साधारण एक तृतीयांशाने फिका, अ‍ॅक्टिन ठणठणीत. सायक्लोहेक्झिमाइडमध्ये १२ तासांना म्यूटंट जवळजवळ दिसत नाही, वाइल्ड टाइपचा १५५ अजून शिल्लक. तिन्ही वेळा.

गाईडना सगळं मांडून दाखवलं. खूप वेळ बघत बसले. मग म्हणाले, "छान आहे. प्लाझमिड एकदा परत सिक्वेन्सिंगला पाठव."

जुनीपिपेट

पाठवा. मीही तेच सांगितलं असतं.

कोल्डरूमवाला

आणि दोन्ही दिशांनी वाचून घ्या. ६२९सुद्धा.

दोनचबँड

आज सकाळीच पाठवलंय. दोन्ही दिशांनी.